टायर हवेशिवाय चालवला आहे का?

आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत बाईंची म्हणून एक खुर्ची होती. तिच्यावर वह्यांचे गठ्ठे असत. बाई स्वतः उभ्या. डबा उभ्यानं, पेपर तपासणं उभ्यानं, आणि चहा तर फिरता फिरता. कप खिडकीत सापडायचा आणि बशी कपाटावर. उत्तरपत्रिका हातात आली की त्या आधी शेवटचं पान उघडत. "सुरुवात सगळ्यांचीच बरी असते गो," म्हणायच्या. "दमल्यावर पोरगं काय लिहितं ते बघायचं."

त्या रोह्याला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि राहायला पेणला होत्या. मीही पेणची. मराठी शिकवायला त्याच शाळेत लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एसटीच्या रांगेतून उचललं. विचारणं वगैरे काही नाही. "उद्यापासून साडेआठला कोपऱ्यावर उभी राहा," एवढंच. त्यांची छोटी पांढरी गाडी होती. मी पुढं बसायचे. वाटेत गडब गावाला ताई चढायच्या, त्या मागं. ताई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. घरी भातशेती, दोन म्हशी. सगळं आवरून त्या हायवेला येऊन उभ्या राहत. गाडीत बसल्या की पिशवीतून कधी काकडी, कधी उकडलेल्या शेंगा काढायच्या आणि म्हणायच्या, "बाई, जरा सावकाश हाका. शाळा कुठं पळून जात नाय."

खरं सांगायचं तर बाई वेगानं गाडी चालवत नसत. काटा साठच्या पुढं क्वचित जायचा. पण गाडी साठवर असली तरी बाई नव्वदवर असायच्या. बोटं स्टिअरिंगवर वाजायची, पुढच्या ट्रकच्या पाठीवरचं लिखाण मोठ्यानं वाचलं जायचं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मला विचारल्या जायच्या आणि मी उत्तर देईपर्यंत "बरं, पुढं?" आलेलं असायचं. "पुढं?" हा त्यांचा लाडका शब्द. फोनवरही तेच. समोरचा माणूस मुद्द्यावर यायच्या आत फोन ठेवलेला असायचा. त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. तासन्‌तास शब्दकोडी सोडवत बसायचे. "घरात एकानं तरी बसायला हवं ना," असं ते मला एकदा म्हणाले होते.

एका वर्षी बाई गणपती आणायला कारखान्यात गेल्या. मूर्तीचा रंग ओला होता. कारागीर म्हणाला, तासभर थांबा. बाई थांबल्या नाहीत, मूर्ती छातीशी धरून घरी घेऊन आल्या. पीतांबराचा पिवळा रंग साडीला लागला आणि साडीचे धागे पीतांबराला. दीड दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या स्वतःच ते दाखवत होत्या.

आणि तरी हीच बाई एका बाबतीत काटेकोर होती. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसे, पण हवेचा दाब मोजायचा गेज असे. दर सोमवारी निघण्याआधी चारही चाकांपाशी वाकून त्या हवा मोजत आणि वहीत आकडे लिहीत. मी सांगतेय त्या वर्षी चारही टायर नवे टाकले होते. "ब्रेक माणूस दाबतो," त्या म्हणायच्या, "पण थांबतो तो टायर."

जूनच्या अखेरीस, सकाळी, कासूच्या पुढं ते घडलं. आधी मागून फटफट असा आवाज आला, कुणी ओला गोणपाट आपटावा तसा. "काहीतरी सुटलंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वेग कमी करायला घेतला. तेवढ्यात मागचं डावं चाक फुटलं. गाडी गर्रकन फिरली आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर डाव्या बाजूनं आदळली. बाईंना आणि मला खरचटलं. ताई त्याच बाजूला बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या खांद्यावर सीटच्या दुसऱ्या बाजूला ठेवलेली सामानाची पेटी, प्रयोगशाळेसाठी नेत होतो ती, येऊन आपटली आणि हाड मोडलं.

दवाखान्यात ताईंचे यजमान चिखलाच्या पायांनी आले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, तुम्हाला पोचायची घाई. आमची लावणी तोंडावर आली, न् हिचा हात गेला." ताईंनी डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "किती वेळा सांगितलं होतं यांना, सावकाश हाका म्हणून."

"साठवर होते मी," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तू बघितलंस ना काटा?"

मी बघितला होता. साठवरच होता. मी तसं सांगितलं. पण खोलीतल्या कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही, कारण बाई ते सांगतानाही पलंगाभोवती फेऱ्या मारत होत्या.

तिथून बाईंचा ध्यास सुरू झाला. फुटलेला टायर त्यांनी गॅरेजमधून मागून घेतला. रस्त्यावर चालणारा रबराचा वरचा पट्टा अर्धाअधिक सोलून निघाला होता. "फुटला नंतर, आधी सोलवटला," त्या भेटेल त्याला सांगायच्या. "चांगला टायर सोलवटत नाय. कंपनीचा दोष हाय हा." नव्या टायरला वॉरंटी होती. टायर बदलून मिळणं त्यांच्या लेखी फुटकळ होतं. कंपनीनं एक ओळ लिहून द्यावी, दोष टायरचा होता, आणि ती ओळ गडबला नेऊन ताईंच्या हातात ठेवावी, एवढंच त्यांना हवं होतं.

पेणच्या टायरवाल्या शेठकडं आम्ही दोघी गेलो. तो म्हणाला, "ठेवून जा. कंपनीचा माणूस येईल तेव्हा बघेल."

"कधी येईल?"

"येतो तो, बाई."

"'येतो तो' ही तारीख नाय."

शेवटी त्यानं दाव्याचा फॉर्म काढला. बाईंचं अक्षर त्यांच्यासारखंच पळायचं, म्हणून लिहायला मी. बाई फुटपाथवर गुडघे टेकून टायरच्या कडेवर ठसवलेला नंबर वाचत होत्या. त्यातल्या शेवटच्या चार आकड्यांवरून टायर कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनला ते कळतं, हे मला तेव्हा समजलं. बिलाचा नंबर, गाडीचा नंबर, किती किलोमीटर चालला, रबराची जाडी किती उरली. बाई भराभर सांगत होत्या, मी लिहीत होते. मग एक प्रश्न आला. टायर कमी हवेवर किंवा हवेशिवाय चालवला आहे का?

"नाही," बाई म्हणाल्या. "पुढं?"

मी 'नाही' लिहिलं. माझ्या हातानं, माझ्या चांगल्या अक्षरात.

आणि ते खोटं होतं. अपघाताच्या आधी तीन आठवडे, एका रविवारी, माझ्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. मी बाईंना फोन केला, त्यांनी चावी खिडकीतून माझ्या ओंजळीत टाकली. पनवेलच्या दवाखान्याकडं निघाले. हमरापूर फाटा ओलांडला आणि गाडी डावीकडं ओढायला लागली. मागचं डावं चाक बसलं होतं. बाबा शेजारी घामानं निथळत होते. मला स्टेपनी बदलता येत नव्हती, आणि आली असती तरी मी थांबले नसते. तशीच हाकत राहिले. पंक्चरवाला दिसला तेव्हा रबर जळल्याचा वास येत होता. त्यानं पाच मिनिटांत पंक्चर काढलं आणि म्हणाला, "मॅडम, बिनहवेचा चालवलात. आतून खराब झाला असेल. हा ठेवू नका." मी मान हलवली, गाडी काढली. बाबा वाचले, गोळ्यांवर आहेत. संध्याकाळी चावी परत दिली. बाईंनी विचारलं, "बाबा?" मी म्हटलं, "बरे आहेत." गाडीचं त्यांनी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. बाईंनी हवा मोजली. हवा बरोबर होती, पंक्चरवाल्यानंच भरली होती ती.

सांगणार होते. उद्या सांगू, पगार झाला की नवा टायर घेऊन देऊ आणि मग सांगू, असं चाललं होतं. मग कासूच्या पुढं गाडी फिरली, आणि त्यानंतर सांगणं म्हणजे काय, हे मला चांगलंच कळत होतं.

कंपनीचा इंजिनियर पंधरा दिवसांनी रोह्याच्या एका दुकानात येणार असं कळलं. गाडी गॅरेजमध्ये होती. बाईंनी टायर एसटीत घातला. पेणच्या स्टँडवर त्या तो गोल गोल ढकलत आल्या, माणसं बाजूला होत गेली. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं काय?"

"सामान."

"बाई, हा सीट अडवतोय. ह्याला हाफ लागेल."

"फाडा," बाई म्हणाल्या. "ह्याचं वय वर्षाच्या आतलं हाय, पण फाडा."

सगळी एसटी हसली. मीही हसले. रोह्यापर्यंत बाई टायरला एका हातानं धरून दांडीपाशी उभ्या होत्या आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. गडबच्या थांब्यावर ताईंचे यजमान दिसले. त्यांनी एसटीकडं बघितलं आणि नजर वळवली.

इंजिनियर तरुण होता. टायर फाकवून त्यानं आत हात फिरवला, बॅटरी मारली, फोटो काढले. आठ दिवसांनी उत्तर आलं: टायर कमी हवेवर चालवल्याच्या खुणा आतल्या कडेवर आढळल्या, दावा नामंजूर.

बाई इतक्या चिडलेल्या मी कधी बघितल्या नाहीत. "कमी हवा? माझ्या गाडीत?" ती वही घेऊन त्या शिक्षक-खोलीभर फिरल्या. दर सोमवारचे आकडे शिपायालासुद्धा दाखवले. मग पत्रं सुरू झाली. त्या सांगायच्या, मी लिहायचे. दर पत्रात एक वाक्य असायचंच: मी हवेच्या बाबतीत कधीही हयगय केलेली नाही. ते खरं होतं, आणि ते मी दर वेळी माझ्या चांगल्या अक्षरात लिहायचे. झोप तुटायला लागली. दुपारी वर्गात कविता शिकवताना मध्येच ओळ विसरायचे.

ताई ऑगस्टमध्ये कामावर आल्या, एसटीनं. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असेल तर मुलांना सांगायच्या. बाई दिसल्या की आपलं काम करत राहायच्या. एकदा बाई पुस्तक बदलायला गेल्या तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाई, कंपनीला कशाला दोष देता? झालं ते झालं म्हणा, न् सोडा." बाई पुस्तक न बदलताच परत फिरल्या. मी शेजारीच उभी होते.

ऑक्टोबरात बाईंनी अलिबागला ग्राहक आयोगात जायचं ठरवलं. त्यासाठी साक्षीदाराचं निवेदन हवं होतं. साक्षीदार मी. दुपारी प्रयोगशाळेत मी कागद घेऊन बसले आणि बाई टेबलांमधून येरझाऱ्या घालत सांगायला लागल्या.

"लिही. मी या गाडीनं रोज प्रवास करत असे. माझ्या माहितीप्रमाणे हा टायर हवेशिवाय कधीही चाललेला नाही. पुढं…"

"बाई, चाललाय."

"काय?"

"हवेशिवाय. मी चालवला."

बाई दोन टेबलांच्या मध्ये होत्या, तिथंच राहिल्या. मी रविवारचं सगळं सांगितलं. मध्ये त्यांनी एकदाही 'पुढं' म्हटलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, तोंडी परीक्षेत विचारतात तसे.

"किती अंतर?"

"तीन-चार किलोमीटर."

"तीन की चार?"

"चार असतील."

"वेग?"

"चाळीस. कदाचित जास्त."

"पंक्चरवाला काय म्हणाला?"

"आतून खराब झाला असेल म्हणाला. ठेवू नका म्हणाला."

"बाबांना तेव्हा श्वास लागला होता?"

"हो."

"मग थांबायचं नव्हतंच," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा थांबले नसते." मग खिडकीकडं गेल्या, परत आल्या. "पण संध्याकाळी चावी दिलीस तेव्हा दोन शब्द सांगायचे होतेस. मी त्याच सोमवारी टायर काढून टाकला असता. ताईचा हात…" मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "रडू नको, त्या फॉर्मची झेरॉक्स काढ."

झेरॉक्सवरचं माझं 'नाही' त्यांनी खोडलं, बाजूला स्वतःच्या पळत्या अक्षरात 'होय' लिहिलं, खाली: 'सुमारे चार किलोमीटर. ही माहिती मला आज मिळाली.' आणि सही. माझं नाव कुठं नाही. त्याच दिवशी तो कागद कंपनीला गेला. साक्षीचा कागद त्यांनी फाडला.

"आणि ताईंना?" मी विचारलं.

"ते तू सांगायचंस. ते माझं काम नाय."

त्यानंतर अकरा दिवस गेले. चहा निवायला न थांबणाऱ्या या बाईनं मला अकरा दिवसांत एकदाही विचारलं नाही. गाडी दुरुस्त होऊन आली होती. रोज शेजारी बसायचे, गडब यायचं, थांब्यावर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या ताई दिसायच्या. बाई गाडी हळू करायच्या, ताई मान फिरवायच्या, आम्ही पुढं जायचो. बाई फक्त एकदा माझ्याकडं बघायच्या.

नवव्या दिवशी कंपनीच्या इंजिनियरचा फोन आला. "मॅडम, दावा नामंजूर झाल्यावर असं कुणी आम्हाला कळवत नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पेणला येणार होता, तेव्हा उरलेले तीन टायर बघून जातो म्हणाला. आला. तिन्हींपैकी एक फुटलेल्या टायरच्याच आठवड्यात बनलेला निघाला. त्यानं बोटानं कड दाबली. वरचा पट्टा एका जागी सुटायला लागला होता. हा टायर कधी हवेशिवाय चाललेला नव्हता. तो त्यानं बदलून दिला.

"मग आमचा तो पहिला?" मी विचारलं. "तोही मुळातच वाईट असेल ना?"

"असेल. किंवा बिनहवेचा चालवल्यानं गेला असेल. आता काही सांगता येणार नाही, मॅडम."

"हे लिहून द्या," बाई म्हणाल्या. "सांगता येत नाय, हेच." त्यानं हसत पावतीच्या पाठीवर लिहून दिलं: कारण निश्चित सांगता येत नाही.

तो कागद मी हातात घेतला आणि मला एकदम मोकळं वाटलं. हा ताईंना दाखवला की झालं, बाकीचं सांगायलाच नको. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "दाखव की. पण आधी तुझं सांग. त्याच्यानंतर हा कागद. उलटं केलंस तर तो खोटा होईल."

रविवारी त्यांनीच मला गडबला नेलं. स्वतः हायवेला गाडीपाशी थांबल्या. ताई ओटीवर सुपात वाल निवडत होत्या, डाव्या हातानं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाबा, चार किलोमीटर, पंक्चरवाला, 'नाही'. मग कागद पुढं केला. ताईंनी तो वाचला, घडी करून सुपाशेजारी ठेवला.

"बापासाठी केलंस, त्याला मी काय बोलू," त्या म्हणाल्या. "माझी पोर असती तर तिनं पण केलं असतं. पण चार महिने मी बाईंना बोलले गो. तोंडावर बोलले, गावभर बोलले. तू बाजूला उभी राहून ऐकलंस."

"हो," मी म्हटलं.

"ते मी आता कसं परत घेऊ, सांग."

त्या उठल्या, पदर सावरला आणि हायवेकडं चालायला लागल्या. मी ओटीवरच राहिले. लांबून दिसत होतं. बाई गाडीच्या बाजूनं फेऱ्या मारत होत्या, ताई जाऊन समोर उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. ट्रक जात होते. बराच वेळ ताई बोलत होत्या आणि बाई मान खाली घालून ऐकत होत्या. ताई परतल्या, मला म्हणाल्या, "जा आता. त्या खोळंबल्यात." चहा विचारला नाही. विचारतील असं मलाही वाटलं नव्हतं.

परतताना मी बाईंना विचारलं, ताई काय म्हणाल्या. "ते आमच्या दोघींचं हाय," त्या म्हणाल्या.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या दिवशी गडबच्या थांब्यावर ताईंनी हात केला. डावा. बाईंनी गाडी बाजूला घेतली. ताईंनी पुढचं दार उघडलं आणि मला म्हणाल्या, "तू मागं बस गो." मी मागं गेले. ताई पुढं बसल्या, पट्टा लावताना हात वर जाईना तेव्हा बाईंनी वाकून लावून दिला. ताईंनी दाराची मूठ घट्ट धरली. गाडी निघाली.

बाईंनी काटा चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही. मागून ट्रक हॉर्न मारत होते, एसटी आम्हाला ओलांडून गेली, एक टेम्पोवाला बाजूनं जाताना काहीतरी ओरडून गेला. कासू गेलं, ती खडीची जागा गेली, नागोठणं गेलं. कोलाडच्या अलीकडं कुठंतरी ताईंनी मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला. बाईंनी ते बघितलं, पण वेग वाढवला नाही.

रोह्याला पोचलो तेव्हा पहिला तास अर्धा झाला होता. मुख्याध्यापक दारातच उभे होते. अपघाताचा दिवस सोडला तर बाईंच्या अख्ख्या नोकरीत असं झालं नव्हतं, म्हणून काळजीनं त्यांनी विचारलं, "काय झालं, बाई?"

"काही नाय," बाई म्हणाल्या. "गाडी चालवत होते."